होड्यांची तोंडं बघा, ओढा कळेल: ग्रॅव्हिटेशनल लेन्सिंगमधून डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी शिकायला सुरुवात कशी करायची

संध्याकाळी आंजर्ल्याच्या खाडीवर गेलात तर नांगर टाकलेल्या होड्यांकडे जरा वेळ बघा. भरतीचं पाणी आत शिरत असलं की बहुतेकींची तोंडं समुद्राकडे असतात, ओहोटी लागली की एकेक करत सगळ्या फिरतात आणि तोंडं खाडीच्या आतल्या बाजूला होतात. पाण्याचा ओढा वरून दिसत नाही. एकच होडी बघून तो कळतही नाही, कारण कुणाचा दोर आखूड, कुणी वाऱ्याने तिरकी झालेली, कुणी शेजारणीला बांधलेली. पण चाळीस-पन्नास होड्या एकदम बघितल्या की पाणी कुठून कुठे चाललंय याची शंका राहत नाही. आज जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी डार्क मॅटर शोधतात ते बरंचसं असंच, फक्त होड्यांच्या जागी दीर्घिका आणि पन्नासच्या जागी कोट्यवधी.

मी सुट्टीत गावातल्या अकरावी-बारावी आणि बीएस्सीच्या मुलांना हा विषय शिकवते, दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि तेच अडथळे, म्हणून एकदा नीट क्रमाने लिहून काढतेय. तुमच्याकडे मोबाईल, जमलं तर साधा लॅपटॉप आणि बारावीचं गणित असलं की पुरे. दुर्बीण नसली तरी चालेल, खरंच चालेल.

आधी दोन नावं वेगळी करा

डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी ही एकाच गोष्टीची दोन नावं नाहीत, निम्म्या मुलांचा घोळ इथेच होतो. विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या मोजमापांनुसार विश्वात आपलं नेहमीचं द्रव्य, म्हणजे तारे, ग्रह, वायू, तुम्ही-आम्ही, सगळं मिळून साधारण ५ टक्के. डार्क मॅटर साधारण २७ टक्के, ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, पण त्याला गुरुत्वाकर्षण आहे, म्हणजे ते ओढतं. उरलेले सुमारे ६८ टक्के डार्क एनर्जी, आणि तिच्यामुळे विश्वाचं प्रसरण वेग धरतंय, हे १९९८ मध्ये लांबच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं आणि त्यासाठी २०११ चं नोबेल पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना मिळालं.

ग्रॅव्हिटेशनल लेन्सिंग म्हणजे वाटेतल्या वस्तुमानाच्या गुरुत्वाने मागून येणारा प्रकाश वाकणं. त्यात डार्क मॅटर थेट सापडतं, कारण वस्तुमान कुठलंही असो ते प्रकाश वाकवतंच. डार्क एनर्जी आडवाटेने सापडते, ते पुढे येईलच.

पायरी १: घरात एक लेन्स करून बघा

आइस्क्रीमचा किंवा फालुद्याचा दांडीवाला काचेचा ग्लास घ्या, त्याचा गोल तळवा जाड काचेचा असतो आणि मधे दांडीपाशी तो आणखी जाड होत जातो. हा तळवा ग्राफ पेपरवर ठेवा आणि वरून बघा, चौकोन कसे वाकतात ते. मग रात्री पडवीत दिवे बंद करा, समोर चार-पाच मीटरवर एक छोटा एलईडी ठेवा आणि तळव्यातून त्याच्याकडे बघा. दांडी, दिवा आणि डोळा एका रेषेत आले की दिव्याचं कडं दिसतं. ग्लास जरासा सरकवला की कडं तुटून कमान होते, आणखी सरकवला की दोन ठिपके.

हे करताना एक गोष्ट मनात पक्की करा. वाचायच्या भिंगात प्रकाश कडेला जास्त वाकतो आणि मधोमध अजिबात वाकत नाही, म्हणून त्याला एक केंद्रबिंदू मिळतो. गुरुत्वाच्या लेन्सचं उलटं आहे, वस्तुमानाच्या जवळून जाणारा किरण जास्त वाकतो, लांबून जाणारा कमी, त्यामुळे एकच फोकस असा नसतोच आणि म्हणूनच एका वस्तूच्या अनेक प्रतिमा, कमानी, कडी असले प्रकार तयार होतात. ग्लासचा तळवा चालतो तो त्याच्या आकारामुळे. तिथे भिंग वापरून हा प्रयोग करू नका, चुकीचंच डोक्यात बसेल.

पायरी २: इतिहास, पण लागेल तेवढाच

१९१५ मध्ये आइनस्टाइनने सामान्य सापेक्षता मांडली, तिच्यानुसार सूर्याला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) वाकायला हवा होता, न्यूटनच्या हिशोबाने त्याच्या निम्मा. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्रालला होती, त्यांनी ग्रहणात सूर्याशेजारी दिसलेल्या ताऱ्यांच्या जागा मोजल्या आणि आकडा आइनस्टाइनच्या बाजूने गेला.

आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून जागा दाखवतात, तिचा संबंध लोक १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी जोडतात. त्या ग्रहणाच्या अभ्यासातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम कळला. विषय वेगळा, पण ग्रहणाची ती काही मिनिटं पकडायला माणसं किती लांबून, किती सामान घेऊन येत असत हे त्या ओट्यांवर उभं राहिलं की नीट कळतं, मी मुलांना मुद्दाम तिथे नेते.

१९३३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग बघितले आणि दिसणाऱ्या द्रव्यात त्यांना धरून ठेवायची ताकदच नाही हे दाखवलं. १९३६ मध्ये आइनस्टाइनने ताऱ्याच्या लेन्सवर छोटा लेख लिहिला पण हे कधी प्रत्यक्ष दिसेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि लगेच १९३७ मध्ये झ्विकीने म्हटलं की तारे सोडा, आख्ख्या दीर्घिका लेन्स म्हणून चालतील. ते खरं ठरायला १९७९ उजाडलं, तेव्हा सप्तर्षीच्या भागात एकाच क्वेसारच्या, म्हणजे लांबच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या, दोन प्रतिमा सापडल्या, सुमारे ६ आर्कसेकंद अंतरावर. एका प्रतिमेत झालेला बदल दुसरीत साधारण ४१७ दिवसांनी दिसतो, कारण दोन वाटांची लांबी आणि वाटेतलं गुरुत्व वेगळं. मला स्वतःला हा आकडा कुठल्याही सुंदर फोटोपेक्षा जास्त आवडतो.

पायरी ३: एका कड्यावरून वस्तुमान काढा

आधी आर्कसेकंद म्हणजे काय ते हाताला लागू दे. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते साडेपाच किलोमीटर लांब धरलं तर जेवढं दिसेल तेवढा एक आर्कसेकंद. लेन्सिंगचं बरंचसं जग याच मापात चालतं.

आता सूत्र. आकाशात पुढची दीर्घिका लेन्स होते आणि बरोबर तिच्या मागे असलेल्या दीर्घिकेचं कडं दिसतं. कड्याची त्रिज्या आर्कसेकंदात घ्या, तिचा वर्ग करा, त्याला अंतराच्या आकड्याने गुणा आणि मग १२ हजार कोटींनी गुणा, उत्तर किती सूर्यांएवढं वस्तुमान त्या कड्याच्या आत आहे ते. अंतराचा आकडा म्हणजे लेन्सचं अंतर गुणिले मागच्या दीर्घिकेचं अंतर, भागिले त्या दोघींमधलं अंतर, सगळं गीगापार्सेकमध्ये, एक गीगापार्सेक म्हणजे ३२६ कोटी प्रकाशवर्षं.

खरं उदाहरण घेऊ. युक्लिड ही युरोपची अंतराळ दुर्बीण जुलै २०२३ मध्ये गेली आणि तिच्या सुरुवातीच्या चाचणी फोटोंतच एनजीसी ६५०५ या दीर्घिकेभोवती जवळजवळ पूर्ण कडं सापडलं, जाहीर झालं फेब्रुवारी २०२५ मध्ये. ही दीर्घिका १९व्या शतकापासून माहीत होती, अंतर फक्त ५९ कोटी प्रकाशवर्षं, मागची दीर्घिका ४४२ कोटी प्रकाशवर्षांवर, आणि इतकी वर्षं ते कडं कुणालाच दिसलं नव्हतं! कड्याची त्रिज्या २.५ आर्कसेकंद, वर्ग ६.२५. अंतराचा आकडा साधारण ०.२. गुणाकार १.२५, म्हणजे कड्याच्या आत साधारण १५ हजार कोटी सूर्यांएवढं वस्तुमान. वहीत, पेनाने, पाच मिनिटात.

मग या १५ हजार कोटींत डार्क मॅटर किती? ताऱ्यांच्या प्रकाशावरून ताऱ्यांचं वस्तुमान वेगळं काढतात आणि ते एकूणातून वजा करतात, इथे डार्क मॅटरचा वाटा फक्त ११ टक्क्यांच्या आसपास आला. मुलं इथे हिरमुसतात, "बाई, एवढंच?" म्हणून विचारतात. पण हा दीर्घिकेचा अगदी गाभा आहे, तिथे ताऱ्यांची गर्दीच असते, जसजसं बाहेर जाल तसा डार्क मॅटरचा वाटा वाढत जातो. त्या बाहेरच्या भागात मात्र कडी-कमानी मिळत नाहीत, आणि म्हणून पुढची पायरी.

पायरी ४: वीक लेन्सिंग, इथे घाई करू नका

वस्तुमानापासून लांब गेलं की प्रकाश वाकतो पण इतका थोडा की मागची दीर्घिका जेमतेम एखाद्या टक्क्याने ताणली जाते. दीर्घिका मुळातच लांबट असतात, त्यांचा स्वतःचा लांबटपणा त्या ताणापेक्षा पंचवीस-तीस पट मोठा. म्हणजे एका दीर्घिकेकडे बघून काही कळायचं नाही, आखूड दोराच्या एका होडीसारखंच.

सरासरी काढली की मूळचे वेडेवाकडे कोन एकमेकांना खोडतात आणि सगळ्यांना लागलेला ताण तेवढा उरतो. किती दीर्घिका लागतील याचा हिशोब सोपा आहे, मूळचा विखुर (स्टँडर्ड डेव्हिएशन) ०.२५ धरा आणि त्याला दीर्घिकांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. १०० दीर्घिका घेतल्या तर चूक ०.०२५, आणि शोधायचा ताण आहे ०.०१, म्हणजे तो बुडाला. १०,००० घेतल्या तर चूक ०.००२५, आता ताण स्वच्छ वर आला.

हे वाचून सोडू नका, करून बघा. पायथॉनमध्ये, किंवा ते येत नसेल तर साध्या एक्सेल शीटमध्ये, प्रत्येक दीर्घिकेसाठी दोन रँडम आकडे घ्या, सरासरी शून्य, विखुर ०.२५. पहिल्या आकड्यात ०.०१ मिळवा. मग १०० ओळींची सरासरी काढा, मग १०,००० ची. दहा-दहा वेळा करा. पहिल्यात आकडा कधी अधिक कधी उणे असा नाचतो, दुसऱ्यात ०.०१ च्या आसपास बसतो. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय वीक लेन्सिंगवर विश्वास बसत नाही, माझाही बसला नव्हता.

दोनच आकडे का, एक कोन का नाही? हीच नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. होडीला तोंड असतं, दीर्घिकेला नसतं, ती अर्धा फेरा फिरवली तरी तशीच दिसते. त्यामुळे १० अंशांवरची एक आणि १७० अंशांवरची एक यांची सरासरी ९० काढलीत तर ते साफ चूक, त्या दोघीही आडव्याच्या जवळ आहेत, बरोबर उत्तर शून्य. म्हणून कोन दुप्पट करून त्याचे कोसाइन आणि साइन घेतात आणि त्या दोन आकड्यांची सरासरी काढतात. आणखी एक फरक, खाडीत सगळ्या होड्या एका दिशेला असतात पण एखाद्या दीर्घिकासमूहाभोवती मागच्या दीर्घिका गोलाकार लागतात, विहिरीच्या कठड्याच्या चिऱ्यांसारख्या. म्हणून प्रत्येकीचा लांबटपणा समूहाच्या केंद्राच्या हिशोबाने मोजायचा.

आता तीन धोके. पहिला, वारा आणि दुर्बीण. समुद्रावरून आलं की चष्म्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर असतो ना, त्यातून प्रत्येक दिवा एकाच बाजूला ओघळल्यासारखा दिसतो, तसं वातावरण आणि दुर्बिणीचे आरसे सगळ्या दीर्घिकांना एकसारखे ओढतात आणि तो ओढा खऱ्या लेन्सिंगपेक्षा मोठा असू शकतो. उपाय असा की त्याच फोटोतले आपल्या आकाशगंगेतले तारे बघायचे, ते बिंदूच असायला हवेत, ते जेवढे ओघळले तेवढा दोष दुर्बिणीचा, तो वजा करायचा. दुसरा धोका म्हणजे एकमेकींना बांधलेल्या होड्या. शेजारी-शेजारी तयार झालेल्या दीर्घिका लेन्सिंगशिवायही एका दिशेला लागलेल्या असू शकतात, कारण त्यांच्या जन्माच्या वेळी आजूबाजूच्या द्रव्याने त्यांना तसं ओढलेलं असतं. तिसरा, अंतर. कोण पुढे कोण मागे हे माहीत नसेल तर सगळंच फुकट, आणि कोट्यवधी दीर्घिकांचा वर्णपट काढणं शक्य नसतं म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधल्या तेजावरून अंतराचा अंदाज बांधतात.

शेवटी एक तपासणी, ती कधीच वगळू नका. प्रत्येक दीर्घिकेला कागदावर ४५ अंशांनी फिरवा आणि सगळी सरासरी परत काढा. लेन्सिंगच्या ताणातून असा आकडा जवळजवळ येतच नाही, म्हणजे उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर तुमच्या मोजमापात घोळ आहे, निकाल कितीही देखणा असला तरी तो बाजूला ठेवा आणि घोळ शोधा.

पायरी ५: डार्क एनर्जीपर्यंत कसं पोचायचं

२००० साली चार वेगवेगळ्या गटांनी पहिल्यांदा दाखवलं की कुठलाही एक समूह न निवडता, नुसत्या आकाशाच्या मोठ्या तुकड्यातसुद्धा दीर्घिकांचे आकार एकमेकांशी किंचित जुळतात, कारण प्रकाशाच्या सगळ्या वाटेवर डार्क मॅटरचे ढीग आणि धागे पसरलेत.

आता मागच्या दीर्घिकांचे अंतरानुसार गट करा, जवळच्या, मधल्या, लांबच्या. प्रत्येक गटावरून वाटेतलं द्रव्य किती गोळा झालंय ते निघतं, आणि लांब म्हणजे जुनं, त्यामुळे काळाच्या ओघात ढीग कसे वाढत गेले त्याचा हिशोब हातात येतो. गुरुत्व ढीग वाढवतं, डार्क एनर्जी अवकाश ताणून ती वाढ मंदावते. शिवाय लेन्सिंगचं प्रमाण अंतरांवर अवलंबून आणि अंतरं प्रसरणावर. अशा दोन वाटांनी डार्क एनर्जी आकड्यात उतरते.

डार्क एनर्जी सर्व्हेने २०१३ ते २०१९ अशा ७५८ रात्री चिलीमधल्या चार मीटरच्या ब्लांको दुर्बिणीवर ५७० मेगापिक्सेलचा कॅमेरा लावून आकाशाचे ५,००० चौरस अंश टिपले, आणि पहिल्या तीन वर्षांच्या विश्लेषणात सुमारे १० कोटी दीर्घिकांचे आकार वापरले. काही वर्षं अशा सर्वेक्षणांमधून ढिगांचं प्रमाण प्लांकच्या अंदाजापेक्षा जरा कमी येत होतं आणि त्यावर बरीच चर्चा झाली, पण किड्स (KiDS) या दुसऱ्या वीक लेन्सिंग सर्वेक्षणाचा २०२५ चा शेवटचा निकाल प्लांकशी चांगला जुळला. दुसरीकडे दीर्घिकांची अंतरं मोजणाऱ्या डेसी (DESI) सर्वेक्षणाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत डार्क एनर्जी काळानुसार बदलत असावी असे संकेत आलेत, ते पक्कं झालेलं नाही. म्हणजे तुम्ही शिकायला बसलाय तेव्हाच हा विषय हलतोय. युक्लिड आणि चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा यांच्याकडून याच प्रश्नावर येत्या वर्षांत प्रचंड डेटा येणार आहे.

हे काम आपल्यापासून लांब चाललंय असं समजू नका. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये अनुप्रीता मोरे स्ट्राँग लेन्स (कडी-कमानी दिसतात अशा लेन्स) शोधण्याच्या कामात आहेत आणि लोकांकडून लेन्स शोधून घेणाऱ्या स्पेस वॉर्प्स प्रकल्पाच्या प्रमुखांपैकी आहेत, तर सुहृद मोरे सुबारू दुर्बिणीच्या सर्वेक्षणातल्या वीक लेन्सिंगवर काम करतात. दापोलीहून पुणे म्हणजे एका एसटीचा प्रवास.

पायरी ६: पावसाळ्यात काय, हिवाळ्यात काय

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश नसतंच, तेव्हा कॉम्प्युटरवरचं काम करा. झूनिव्हर्स या, सामान्य लोकांकडून संशोधनाची कामं करून घेणाऱ्या साईटवर लेन्स शोधायचे प्रकल्प चालू असतात, स्पेस वॉर्प्स त्यातलाच, मोबाईलवरही करता येतं. काय शोधायचं ते सांगते: मधे पिवळसर-नारिंगी, गुळगुळीत, लंबगोल दीर्घिका आणि तिच्या कडेला निळसर कमान, कमानीची पोकळ बाजू मधल्या दीर्घिकेकडे. समोरच्या बाजूला त्याच रंगाचा छोटा ठिपका असेल तर फारच छान, कारण एकाच वस्तूच्या दोन प्रतिमांचा रंग सारखाच हवा. फसवतात ते सर्पिल दीर्घिकांचे हात. हात मधल्या गाभ्याला जाऊन चिकटतात, कमान सुटी असते. पहिले शंभर फोटो चुकतील, चुकू देत.

आख्खा डेटा उतरवायच्या फंदात पडू नका. रेंज जाते, लाईट जाते, आणि तीन जीबीची फाईल ९० टक्क्यांवर तुटते, मी दोन पावसाळे त्यातच घालवले. लेगसी सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाचा ऑनलाईन नकाशा आहे, त्यात हवा तेवढाच छोटा तुकडा उतरवता येतो. पायथॉन येत असेल तर लेन्सट्रॉनॉमी हे मोफत पॅकेज घ्या, त्यात स्वतः लेन्स बनवून बघता येते, आणि ते गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गूगलच्या कॉम्प्युटरवर, चालतं त्यामुळे लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही.

बायनॉक्युलर असेल तर पावसाळ्याआधी ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आपल्या दमटपणात आतल्या काचेवर बुरशी धरते आणि ती एकदा कोटिंगमध्ये गेली की निघत नाही. माझं पहिलं बायनॉक्युलर असंच गेलं, कपाटात, कापडात नीट गुंडाळलेलं.

नोव्हेंबरपासून आकाश मोकळं होतं. मार्च-एप्रिलच्या रात्री अरुंधतीकेश (कोमा बेरेनिसेस) हा तारकासमूह डोक्यावर येतो, झ्विकीचा कोमा समूह त्याच भागात. तो डोळ्यांना दिसत नाही पण दिशा माहीत हवी. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत संध्याकाळी दक्षिणेला क्षितिज मोकळं असेल अशी किनाऱ्याची जागा शोधा, तिथे अगस्ती ठळक दिसेल. हात सरळ लांब करा आणि मधली तीन बोटं एकत्र धरा, ती साधारण पाच अंश झाकतात. अगस्तीपासून त्यापेक्षा थोडं जास्त, डावीकडे आणि खाली, तिथे बुलेट क्लस्टर आहे. दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेले, त्यांचा तप्त वायू एकमेकांत अडकून मागे राहिला, तो एक्स-रेमध्ये दिसतो, आणि २००६ मध्ये लेन्सिंगचा नकाशा काढला तेव्हा बहुतेक वस्तुमान त्या वायूपाशी नव्हतंच, ते पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांसोबत होतं. नेहमीच्या द्रव्यातला मोठा वाटा वायूचा, तरी वजन दुसरीकडेच. आपल्या अक्षांशावरून ती जागा क्षितिजाच्या वर जेमतेम सोळा अंश चढते, त्यामुळे मध्ये टेकडी किंवा माडांची रांग नको, आणि बंदरावरच्या दिव्यांकडे पाठ करून उभे राहा.